चुलीपाशी आणि पाण्याच्या घड्यापाशी : ख्रिस्ती घराविषयी काही विचार

गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या रस्त्याने बाघ नदीचा पूल ओलांडला की राजेगाव लागते. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश. सभोवार धानाच्या बांध्या. शाळेची व कचेरीची भाषा हिंदी. कित्येक घरांतून मात्र मराठी अजून नांदते आहे. अशा सीमेवरच्या भागात सेवा करणाऱ्या पाळकाला व उपदेशकाला एक गोष्ट फार लवकर कळून येते. येथे मंडळीची इमारत दूर असते. प्रभुभोजनाचा विधी महिन्यातून एकदा झाला तर झाला. रोवणीच्या दिवसांत तोही टळतो. ख्रिस्ती घरे विखुरलेली असतात. एका गावी एक, दुसऱ्या गावी दोन. मग एका उपासनेपासून दुसऱ्या उपासनेपर्यंतच्या दिवसांत विश्वास राहतो कोठे? तो घरात राहतो किंवा राहत नाही. त्याला तिसरी जागा नाही.

ह्या विषयावर आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते. परंतु ते बहुधा एकाच दिशेने होते. कुटुंबात सकाळ-संध्याकाळ शास्त्रवाचन व प्रार्थना व्हावी, मुलांस दहा आज्ञा पाठ याव्यात, भिंतीवर वचनाची पाटी असावी, असे आपण सांगतो. हे सांगणे योग्यच आहे. पण त्यामागे एक न बोललेले गृहीत असते. घर हे मूळचे कोरडे स्थान आहे आणि त्यात विश्वास बाहेरून, म्हणजे आपण पाळकांनी, नेऊन ओतावयाचा आहे, असे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात ह्या गृहीताविषयी थोडे बोलावयाचे आहे. घरात जे रोज चालते, म्हणजे पाणी भरणे, रांधणे, वाढणे, भांडणे व पुन्हा बोलू लागणे, त्यातच विश्वासाची परीक्षा होत असते आणि तेथेच त्याला धीरही मिळतो, असे माझे मत आहे. ते मी कसे शिकलो हे आधी सांगितले पाहिजे, कारण ते मी चुकून शिकलो.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच अभ्यासक्रम संपवून सेवेत रुजू झालो होतो. राजेगावी एका घरी भेटीस गेलो. घरधनी शेतावर होता. बाई चुलीपाशी होत्या. भात शिजत होता. मी बसताच त्यांनी चहाचे आधण ठेवले. मी मोठ्या उत्साहाने लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडला आणि मार्था व मरीया ह्यांच्यावर बोलू लागलो. कामाची दगदग बाजूस सारून प्रभूच्या चरणांशी बसावे, हा माझा मुद्दा होता. बाई पदर सावरून माझ्यासमोर बसल्या व अतिशय आदराने ऐकत राहिल्या. मी अर्धा तास बोललो. तेवढ्यात भात करपला. वास आला तशी त्या उठल्या, भांडे उतरवले आणि काही न बोलता वरचा चांगला भात माझ्यासाठी काढू लागल्या. खालचा करपलेला कोणाच्या ताटात जाणार हे मला न विचारताच कळले. मी मरीयेविषयी प्रवचन करीत होतो आणि त्या घरातली मार्था माझ्यामुळे उपाशी राहण्याची वेळ आली होती.

त्या दिवसापासून तो उतारा मी निराळ्या नजरेने वाचतो. प्रभूने मार्थेला दोष दिला तो ती रांधते म्हणून नव्हे, तर ती पुष्कळ गोष्टींविषयी काळजीत व गडबडीत आहे म्हणून. ह्याच मार्थेने योहानाच्या अकराव्या अध्यायात जो विश्वास कबूल केला तो पेत्राच्या कबुलीच्या तोडीचा आहे, आणि तिने तो बहिणीच्या आधी, गावाबाहेर रस्त्यावर कबूल केला. बाराव्या अध्यायात पुन्हा भोजनाचा प्रसंग आहे आणि मार्था पुन्हा वाढतेच आहे. तेथे तिला कोणी काही म्हणत नाही. पेत्राच्या सासूचा ताप उतरला तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती त्यांची सेवा. मार्काने त्यासाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द त्याच कुळातला आहे ज्यातून पुढे मंडळीतील सेवकाचे नाव निघाले. शिक्षण घेतलेल्या माणसाने स्वयंपाकघराकडे पाहताना इतके तरी ध्यानात ठेवावे.

प्रभूचे दाखले पाहिले तर त्यांतील कितीतरी घराच्या आतून आलेले आहेत. पिठात कालवलेले खमीर, दिवा लावून व घर झाडून शोधलेले नाणे, जुन्या वस्त्राला लावलेले नव्या कापडाचे ठिगळ, मीठ, दिवठणीवरचा दिवा. हा दिवा घरातील सर्वांना प्रकाश देतो असे मत्तयाने लिहिले आहे. एका दिव्याने घरातल्या सर्वांना दिसते ह्याचा अर्थ घर एका खोलीचे आहे. तद्वत लूकाच्या अकराव्या अध्यायातील मध्यरात्रीचा मित्र उठू पाहत नाही, कारण मुले त्याच्याजवळ निजली आहेत. दार उघडायचे तर सगळ्यांची झोपमोड. मोठ्या बंगल्यात राहणाऱ्या टीकाकारांना ह्या ओळींवर टिपा द्याव्या लागल्या. आपल्या खेड्यांतील श्रोत्यांना टीप लागत नाही. त्यांच्यापुढे वाचताना आपण उगाच अर्थ फोडत बसू नये; त्यांनाच विचारावे की असे कधी झाले आहे काय.

प्रेषितांच्या काळी मंडळी घरातच भरत असे हे सर्वांस ठाऊक आहे. प्रिस्का व अक्विला ह्यांच्या घरची मंडळी (रोम. १६), नुंफा हिच्या घरची (कलस्सै. ४), फिलेमोनाच्या घरची, फिलिप्पै येथे लुदियेचे घर, यरुशलेमेत योहान मार्काच्या आईचे घर, जेथे पेत्र तुरुंगातून सुटून आला आणि दार उघडण्याचे राहून गेले. सिरियातील दुरा-युरोपोस येथे १९३० नंतरच्या उत्खननात तिसऱ्या शतकातील एक घर सापडले. त्यातील दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेसाठी जागा केली होती आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड होते. म्हणजे दोनशे वर्षांनीही मंडळी घराच्या भिंती थोड्या सरकवूनच राहत होती. पुढे मंदिरे उठली व घराचा मान कमी झाला. तरी ती आठवण पुसली गेली नाही. ख्रुसोस्तोमाने घराला लहानशी मंडळी म्हटले. १५२९ साली लूथरने आपली लहान प्रश्नोत्तरावली लिहिली ती घरातल्या वडीलधाऱ्याने मुलामाणसांस शिकवावी म्हणून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मंडळीविषयीच्या आपल्या घोषणापत्रात घराला हेच नाव पुन्हा दिले. एरवी एकमेकांशी न जुळणारे हे तिघे ह्या एका गोष्टीत जुळतात.

पण हे सर्व दूरचे झाले. आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांत एका घराची हकिकत इतकी तपशीलवार लिहिली गेली आहे की मराठी पाळकाने ती न वाचता गृहभेटीस निघू नये. मी लक्ष्मीबाई टिळक ह्यांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्राविषयी बोलत आहे. साहित्याचा ग्रंथ म्हणून त्याची कीर्ती मोठी आहे; तो पाळकीय कार्याचाही ग्रंथ आहे हे आपण विसरतो. आणि ह्या हकिकतीचा एक धागा राजेगावच्या अगदी जवळून जातो. नागपूरहून राजनांदगावला जाणारा लोहमार्ग गोंदियावरूनच जातो. ह्याच मार्गावरच्या गाडीत १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक ह्यांची अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याशी गाठ पडली. टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीस निघाले होते. वॉर्ड ह्यांनी त्यांना शास्त्राची प्रत दिली व ते वाचण्याचे वचन घेतले. डोंगरावरील प्रवचन वाचताना टिळकांचे मन हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

एवढा भाग प्रत्येक उपदेशक सांगतो, आणि बहुतेक येथेच थांबतो. गाडी, ग्रंथ, बाप्तिस्मा. सर्व काही घराबाहेर घडले. घरात काय घडले?

घरात पत्नी होती. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मधला, नाशिकजवळ जलालपूर येथील. त्यांच्या वडिलांच्या घरी सोवळ्याचा इतका कहर होता की बाहेरून आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. शाळा अशी त्यांनी पाहिलीच नाही. अक्षरओळख झाली ती घरात, पतीच्या उतावीळ शिकवणीतून व स्वतःच्या चिकाटीतून. अशा स्त्रीला पती ख्रिस्ती झाल्याची बातमी कळली तेव्हा काय झाले ते त्यांनीच लिहिले आहे. दुःखाने त्यांचे भान हरपले. पुढची काही वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने पंढरपूर व अन्य ठिकाणी राहिल्या. ह्या वियोगातच त्यांना कविता सुचू लागली.

येथे पाळकाने थांबून एक कायद्याची गोष्ट ध्यानात घ्यावी. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडून दिल्यास ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस न्यायालयातून विवाह रद्द करून घेण्याची वाट १८६६ च्या कायद्याने मोकळी झाली होती. टिळकांनी त्या वाटेकडे पाहिले नाही. पौलाने करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अगदी ह्याच पेचाचा विचार आहे : विश्वास न ठेवणारी पत्नी आपल्या पतीजवळ नांदण्यास राजी असेल तर त्याने तिला सोडू नये. परंतु लक्ष्मीबाई प्रथम राजी कोठे होत्या? त्या राजी होईपर्यंत वाट पाहणे हाच टिळकांच्या विश्वासाचा पहिला मोठा घरगुती धडा ठरला. आणि टिळक स्वभावाने वाट पाहणारे मुळीच नव्हते, हे ग्रंथ वाचणाऱ्यास पानोपानी दिसते.

लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, संसारासाठी. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व पुढे राहुरी येथे त्या आल्या तेव्हा आपले सोवळे, आपले पाणी व आपली चूल घेऊन आल्या. मिशनच्या आवारात राहणाऱ्या, ख्रिस्ती मंडळीत सेवा करणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी त्याची पत्नी त्याच्या सहकाऱ्यांच्या हातचे पाणी घेत नाही! आजच्या एखाद्या पाळकाच्या घरी असे असते तर मंडळीच्या पंचांनी काय म्हटले असते याची कल्पना करावी. टिळकांनी तिच्यावर धर्म लादला नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, वचन न मानणारे पती आपल्या पत्नींच्या वागण्याने, शब्दावाचून मिळवले जावेत असे सांगितले आहे. हा उतारा आपण नेहमी स्त्रियांना वाचून दाखवतो. टिळकांच्या घरी तो उलटा लागू पडला. शब्दावाचून जिंकण्याचे काम येथे पतीवर आले. आणि तो पती शब्दांचा धनी, कवी व कीर्तनकार होता. त्याच्या सर्व शब्दांना जे साधले नसते ते त्याच्या थांबण्याने साधले.

पुढे काय झाले ते लक्ष्मीबाईंनी कसलाही आव न आणता सांगितले आहे. विचार करता करता त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की जाती केल्या कोणी? देवाने तर माणूस केला, स्त्री व पुरुष केले. पशुपक्ष्यांत जशा निराळ्या जाती डोळ्यांनी दिसतात तशा माणसांत दिसत नाहीत. मग ह्या जाती माणसाच्याच. हे पटले तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचा निश्चय केला आणि तो पाळला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी पाणी, मग बाप्तिस्म्याचे पाणी. कोणी म्हणतील, ही तर समाजसुधारणा झाली. ह्यात विश्वास कोठे आला? हा आक्षेप मी अभ्यासवर्गांतही ऐकला आहे. त्याला माझे उत्तर योहानाच्या चौथ्या अध्यायात आहे. सूखार गावाजवळच्या विहिरीवर प्रभूने शोमरोनी स्त्रीशी बोलणे काढले ते उपासनेच्या प्रश्नावरून नव्हे. त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. यहूदी पुरुषाने शोमरोनी स्त्रीच्या भांड्यातले पाणी मागावे ह्याचेच तिला नवल वाटले. मशीहाविषयी बोलणे पुढे आले. जिवंत पाण्याची गोष्ट साध्या पाण्याच्या गोष्टीतून निघाली, आणि साध्या पाण्यावर जी भिंत होती ती ओलांडल्यावर निघाली. आपल्या देशात पाण्याच्या घड्याइतकी खरी सीमारेषा दुसरी नव्हती. जिने मीठ धुऊन घेणाऱ्या घरात जन्म घेतला तिने दुसऱ्याच्या हातचा पेला ओठांस लावणे ही केवळ सुधारणा नव्हे. मला त्यात पश्चात्तापाचे सारे लक्षण दिसते : मन पालटणे, आणि पालटलेले मन हातांत उतरणे. शिवाय हे घडले स्वयंपाकघरात, एका स्त्रीच्या स्वतःच्या विचाराने, कोणी पाळक समोर बसलेला नसताना.

आपल्या मंडळ्यांतील घरांकडे ह्या दृष्टीने पाहिले तर काही अवघड प्रश्न उभे राहतात, व ते मला टाळावयाचे नाहीत. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या लोटल्या तरी सोयरीक जुळवताना आपण पूर्वीची जात विचारतो. एखादे नवे कुटुंब दुसऱ्या समाजातून विश्वासात आले तर त्यांच्या घरी चहा घेताना काहींचा हात अजून अडखळतो. चुलीच्या जागी आता पुष्कळ घरी गॅसची शेगडी आली, घड्याच्या जागी नळ आला. रेषा मात्र नळाबरोबर वाहून गेली नाही. भिंतीवर वचनाची पाटी आहे की नाही हे गृहभेटीत आपण पाहतो. त्या घरात कोणाला बाहेरच्या ओट्यावर बसवतात आणि कोणाला आत नेतात, हे पाहिले तर त्या घराचा विश्वास अधिक खरा कळेल.

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे घर शांत व आदर्श झाले, असे कोणास वाटत असेल तर त्याने ग्रंथ उघडावा. भांडणे पूर्वीइतकीच झाली. पैसा टिळकांच्या हाती टिकत नसे. तो दुसऱ्याच्या गरजेत जाई आणि महिनाअखेरची काळजी लक्ष्मीबाईंच्या वाट्यास येई. कोण पाहुणा किती दिवसांसाठी येईल याचा नेम नसे. अनाथ मुलांना त्या घरात ठाव मिळाला. कवी बालकवी ठोंबरे (१८९० ते १९१८) तेथे मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती नव्हते व घराने त्यांना तशी अटही घातली नाही. लक्ष्मीबाई रागावल्या, हसल्या, उसनवार करून चार ताटे अधिक वाढल्या. हे सारे त्यांनी असे लिहिले आहे की वाचकाला हसू येते आणि मग ध्यानात येते की एवढ्या माणसांना जेवू घालणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते.

आपल्या प्रवचनांतील ख्रिस्ती घर मात्र निराळेच असते. त्यात कोणी भांडत नाही, मुले गोड आवाजात गीत गातात, पिता शास्त्र वाचतो आणि माता हात जोडून बसलेली असते. हे चित्र ऐकून बाई घरी जातात तेव्हा त्यांना आपले घर ख्रिस्ती नाही असे वाटू लागते. मी हे अनेकींच्या तोंडून ऐकले आहे. अशा वेळी टिळकांच्या घराची हकिकत सांगावी. मोठे नाव असलेल्या त्या ख्रिस्ती घरातही आवाज चढत होते, हे कळल्यावर ऐकणारीच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा येतो तो मी पाहिला आहे. घराचे ख्रिस्तीपण भांडण न होण्यात नसून भांडणानंतर पहिला शब्द कोण बोलतो ह्यात बरेचसे असते.

येथे एक इशारा दिला नाही तर हा लेख घातक ठरेल. मी भांडणाविषयी बोलतो आहे, मारहाणीविषयी नव्हे. दारू पिऊन येणाऱ्या व हात उगारणाऱ्या नवऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या पत्नीला पेत्राचे तेच वचन ऐकवणारे उपदेशक मी पाहिले आहेत. तरुणपणी मीही एकदा तसे केले व त्याची लाज अजून वाटते. ते वचन सोसत राहण्याचा हुकूम नव्हे. त्याच अध्यायात पुढे पतींना बजावले आहे की पत्नीला मान दिला नाही तर त्यांच्या प्रार्थनांना अडथळा येईल. तो भाग आपण सहसा वाचत नाही. अशा घरी पाळकाचे पहिले काम त्या बाईला व मुलांना सुरक्षित जागी पोहोचवणे हे आहे, गरज पडल्यास पोलिसांत जाऊन; २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा तिच्या बाजूने आहे आणि तो तिला समजावून सांगणे हेही आपलेच काम. लक्ष्मीबाईंनी पुष्कळ सोसले, पण त्या मुकाट्याने सोसणाऱ्या नव्हत्या. त्या बोलल्या, आणि शेवटी त्यांनी लिहिले.

आता घरातील प्रार्थनेविषयी. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांना कधी सांगावी त्याची यादी आहे : घरी बसले असता, वाटेने चालत असता, निजताना, उठताना. ह्यात वेगळी काढून ठेवलेली वेळ एकही नाही. चारही वेळा रोजच्या व्यवहाराच्या आहेत. आपण जेव्हा पहाटे साडेपाचची अर्ध्या तासाची कौटुंबिक उपासना सांगतो तेव्हा ती कोणाला परवडते याचा विचार करावा. धानाच्या मुलखात आषाढ-श्रावणात रोवणी लागली की बाया उजाडण्यापूर्वी रांधून, डबा बांधून, चिखलात उतरतात आणि अंधार पडता परततात. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्याचे व तेंदूपाने तोडण्याचे काम भल्या पहाटेचे. ह्या दिवसांत उपासना बंद पडते आणि बंद पडल्याचा दोष मनात राहतो. पाळक येतो तेव्हा घर नजर चुकवते. हा दोष आपण निर्माण केलेला आहे. त्याऐवजी काही घरांनी स्वतःच शोधलेल्या रीती मी पाहिल्या. एका घरी आई तांदूळ घेताना पहिली मूठ बाजूस काढते. ती मूठ आठवडाभर साठते व गरजूच्या घरी जाते, आणि मूठ काढताना ज्या घरी ती जाणार त्याचे नाव ती मोठ्याने घेते. मुले ते ऐकत वाढतात. अन्यत्र मी पाहिले की रोवणीच्या ओळीत सासू-सून गीत गातात व शेजारणी त्यांच्याबरोबर धृपद धरतात. मंडळीच्या वार्षिक अहवालात 'कौटुंबिक उपासना चालू असलेली घरे' असा रकाना असतो. ह्या दोन्ही घरांची नोंद त्यात कोणी केली नव्हती.

सीमेवरच्या घरांपुढे भाषेचाही प्रश्न आहे. शाळेमुळे मुलांची वाचनाची भाषा हिंदी झाली आहे. आजीचे मराठी शास्त्र व 'उपासना संगीत' फळीवर आहे आणि नातवाला ते जोडाक्षरांसाठी थांबत थांबत वाचावे लागते. काही पाळक म्हणतात, हिंदीतच सर्व करा. मला हा प्रश्न एवढा सोपा वाटत नाही. मुलाने हिंदीत शास्त्र वाचावे, त्यात काही बिघडत नाही. पण आजी ज्या भाषेत देवाशी बोलते ती भाषा त्याच्या कानावरून जाऊ नये इतकी तुटू देणे म्हणजे लोईस व युनीके ह्यांच्यापासून तीमथ्याला तोडणे होय. तीमथ्याच्या आजीचा व आईचा विश्वास पौलाने नावानिशी आठवला आहे, आजोबांचा नाही. राजेगावच्या घरात रात्री आजीने नातवाला एक गोष्ट मराठीत सांगावी व त्याने ती दुसऱ्या दिवशी आजीला हिंदीत परत सांगावी, एवढे पुरे. दोघांनाही त्यात गंमत वाटते. भाषा घरातच शिकली जाते ह्याला लक्ष्मीबाईंहून मोठा दाखला कोणता द्यावा? शाळा न पाहिलेल्या ह्या स्त्रीने, टिळक १९१९ मध्ये वारल्यावर, त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हाती घेतले व त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. त्यांनी ते घरच्या भाषेत घातले.

गृहभेटीच्या पद्धतीविषयी थोडेसेच सांगतो, कारण त्याचे नियम करता येत नाहीत. भेटीची वेळ आपल्या सोयीची नसून घराच्या सोयीची असावी. काम चालू असेल तर ते चालू राहू द्यावे. हात कामात असले की पुष्कळांची जीभ मोकळी होते. शास्त्र उघडण्यापूर्वी ह्या आठवड्यात काय झाले ते विचारावे आणि उत्तर पुरते ऐकावे. प्रार्थना नेहमी आपणच करू नये. घरातल्या कोणाला करावयास सांगावी, आणि ती करताना व्याकरण चुकले, सुरुवात-शेवट राहिला, देवाला आईसारखी एकेरी हाक मारली तरी दुरुस्त करू नये. निदान मी आता करीत नाही.

ज्या घरी माझ्या प्रवचनाने भात करपला होता त्या घरी मी पुढे कित्येक वर्षे गेलो. दुसऱ्या भेटीस गेलो तेव्हा बाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी जवळच पाटावर बसलो व त्यांनी नको नको म्हणताना सुपातले मूठभर तांदूळ ताटलीत घेऊन निवडू लागलो. मला ते नीट जमत नव्हते. त्यांनी दोनदा माझ्या ताटलीतले खडे काढले. बोलणे सहज चालले होते. निघताना मी त्यांना प्रार्थना करावयास सांगितले. त्या प्रथम लाजल्या. मग सूप मांडीवर तसेच ठेवून डोळे मिटले आणि पावसासाठी, गोंदियाला कामावर गेलेल्या मुलासाठी, शेजारणीच्या आजारी म्हशीसाठी, आणि 'ह्या पाहुण्यालाही शिकव' असे म्हणून माझ्यासाठी मागितले.